आमवात झाला म्हणजे हातातलं काम सुटलं का?

तुम्ही लिहिलंय की वय 31, अंबड एमआयडीसीत अकाउंट्सची नोकरी, महिन्याभरापूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, निघाला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलंय आणि सासूबाई म्हणतात, ‘वात आहे, त्या गरम गोळ्या सोड, काढा घे.’ अपंगत्व येणार का, दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का आणि ऑफिसात सांगावं का, हे तुमचे प्रश्न.

मी डॉक्टर नाही. नाशिकच्या सिडकोत ब्लाउज शिवते. हा आजार माझ्याकडे 14 वर्षं मुक्कामाला आहे.

गोळीचं आधी सांगते, कारण तिथेच मी चुकले. मलाही घरातून हेच ऐकवलं गेलं. दोन महिन्यांत गोळ्या बंद केल्या आणि एका पुडीवाल्याकडे जायला लागले. पुडीने काय जादू केली म्हणता! आठवड्यात ठणका गायब. मी चार बायकांना त्याचा पत्ताही दिला, त्याची आजही लाज वाटते. वर्षभराने चेहरा पुरीसारखा फुगला आणि साखर वाढली. नंतरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, ‘पुडी घेता का?’ अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दुखणं त्याने दबतं. माझ्या पुडीत काय होतं ते कुणी तपासलं नाही, पण ती थांबवल्यावर जो भडका उडाला त्यात मी पंधरा दिवस स्वतःची वेणी घालू शकले नाही. ती दोन वर्षं माझ्या उजव्या हातावर लिहिलेली आहेत. बोटं करंगळीकडे कलली आहेत, ती आता सरळ होणार नाहीत. त्यानंतरच्या बारा वर्षांत, नीट औषधावर, हात फारसा बिघडलेला नाही.

म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. इथे आपली प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. डॉक्टरांनी ‘अस्तर’ म्हटलं आणि मला पटकन कळलं. ब्लाउजचं अस्तर आकसलं की वरचं कापड कितीही भारी असो, शिवण ओढली जाते. सूज दिसत नसली तरी आतली ओढ चालू असू शकते, म्हणून बरं वाटलं की गोळी सोडायची नाही. कमी करायची असेल तर ते डॉक्टर ठरवतील, तेही शक्यतो संधिवाततज्ज्ञ. हाडांचे डॉक्टर वेगळे.

आणि ही मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. मी कालनिर्णयवर दर रविवारी फुली मारते. सोबतची फोलिक ॲसिडची गोळी कोणत्या वारी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. रक्ताची आणि लिव्हरची तपासणी सांगितलेल्या तारखेला करा, ‘पुढच्या पगाराला करू’ नको. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस जाणं बाळासाठी धोक्याचं. ते काही महिने आधी बंद करून दुसरं औषध देतात. हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

दही, वांगी, आंबट यांवर तुमच्याकडे किती वाद चाललेत माहीत नाही. मी मिसळीवर दही घेते. एवढंच.

आता रोजचं जगणं. खरी लढाई सकाळची. डिसेंबरात नाशिकची थंडी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. सहाला जाग येते तेव्हा हात माझे नसतातच. मूठ वळत नाही, दुधाची पिशवी दाताने फोडायची वेळ येते. म्हणून कात्री ओट्यावरच लटकवली आहे. आधी कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात, पाण्यातल्या पाण्यात बोटं उघडमीट. तास-दीड तासाने हात परत मिळतात. मग मी सरळ वेळापत्रकच फिरवलं. कापड बेतणं अकरानंतर, हुक-काजं शेजारची मुलगी करते. पायाने मशीन मारणं सोडून मोटर बसवली. कुकर, पातेलं दोन्ही तळव्यांवर उचलायचं, बोटांच्या टोकांवर वजन नाही. पिशवी बोटांत नाही, कोपराच्या खाचेत. नळाला लांब दांडीची तोटी. हळदीकुंकवाला मी खुर्ची मागून घेते. ‘एवढ्यात खुर्ची?’ असं म्हणणारी एक तरी निघतेच, तिच्याकडून वाण घ्यायचं आणि बसायचं.

प्रमाणपत्राची गोष्ट जरा तिखट आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत आपल्या आजाराचं नाव नाही, पण सांध्यांमुळे हालचाल कायमची कमी झाली तर ते अस्थिव्यंगात धरतात. म्हणजे टक्के आजाराला नाहीत, तुमच्या हाताला किती वळता येतं त्याला. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यातली दुपार. ऊन लागलेलं, हात मोकळे. टेबलापलीकडून प्रश्न आला, ‘चालत आलात ना? मग?’ मी गप्प बसले. दिव्यांग कार्ड आलं ते पांढरं, म्हणजे 40 टक्क्यांच्या खाली, ज्यावर जवळजवळ काहीच मिळत नाही. दुसऱ्या वेळी हातांचे एक्स-रे नेले. फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक सांधा किती अंश वळतो ते लिहून घेतलं होतं आणि सकाळी आठला काढलेले मुठीचे फोटोही होते. 42 टक्के, पिवळं कार्ड. रडून सांगण्यापेक्षा मापं नेलेली बरी, हे शिंपिणीला आधी सुचायला हवं होतं!

तुमचं आत्ता महिन्याभराचं दुखणं आहे, त्यामुळे प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, कायमचा दोष असेल तरच ते मिळतं. आणि औषध वेळेत चालू झालंय, तेव्हा तुमच्यावर ती वेळ न येण्याचीच शक्यता चांगली. पुढे लागलंच तर 40 टक्क्यांवर एसटीत 75 टक्के सवलत आहे (बायकांना 2023पासून अर्धं तिकीट आहेच, कार्डावर आणखी कमी), आणि पगारदारांना आयकराच्या जुन्या करपद्धतीत 75,000 रुपयांची वजावट. अकाउंट्सवालीला हे मी काय सांगू. एसटीची पहिली पायरी मात्र कार्डाने खाली येत नाही. वणीला जाताना कंडक्टर हात देतो तेव्हा मी मनगट पुढे करते, बोटं नाही. गडावर ट्रॉली आहे म्हणून देवीचं दर्शन होतं, नाहीतर त्या पायऱ्या माझ्या आवाक्याबाहेरच्या.

ऑफिसात सांगावं का? मी कधी ऑफिसात काम केलं नाही, त्यामुळे साहेब लोक कसे वागतात ते तुम्हाला जास्त कळेल. सगळ्यांना नाही, पण ज्याच्याकडून अर्धा तास उशिरा यायची परवानगी लागणार त्याला तरी सांगा, थंडी सुरू व्हायच्या आत. मी गिऱ्हाइकांपासून पाच वर्षं लपवलं आणि उशिराबद्दल बोलणी खात राहिले. शेवटी हात दाखवून सांगितलं, तेव्हा तिघी दुसरीकडे गेल्या. बाकीच्या आता दिवाळीचे ब्लाउजपीस गणपती उठले की आणून टाकतात.