आधी कपाटाचं कुलूप काढ

ताई,
सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आम्ही एकत्र कुटुंबात राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. नणंदेच्या हळदीला तो पुतणीचा घागरा घालून आला आणि डीजेपुढं नाचला. सगळे पोट धरून हसले, शिट्ट्या मारल्या, व्हिडिओ काढले. त्याला वाटलं, आपण सगळ्यांना आवडलो. तेव्हापासून रोज घागरा मागतो, डोक्याला ओढणी बांधून तिची वेणी करतो. आता कुणी हसत नाही. सासरे म्हणतात, पोराला बायल्या करून ठेवलंय. नवऱ्यानं पुतणीच्या कपाटाला कुलूप घातलं. दीर म्हणतात, ओळखीचे एक डॉक्टर आहेत, असल्या पोरांना सरळ करतात. मैत्रिणीनं मला ‘मा व्ही आँ रोझ’ नावाचा जुना फ्रेंच सिनेमा दाखवला. त्यातला पोरगा थेट माझ्या लेकासारखा. हसता हसता रडू आलं. हा सिनेमा लेकाला दाखवू का? की नवऱ्याला? माझं काही चुकलं का?
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडकले. ‘त्याला वाटलं, आपण सगळ्यांना आवडलो.’ सात वर्षांच्या पोराच्या बाजूनं बघ. तो मांडवात आला, गिरकी घेतली, घागऱ्याचा घेर फुलला आणि पन्नास माणसं टाळ्या पिटायला लागली. त्याच्या हिशेबी तो दिवस जिंकला होता. दुसऱ्या दिवशी तोच घागरा, तीच गिरकी, आणि आजोबांच्या कपाळाला आठी. मध्ये काय बदललं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तो रोज घागरा मागतोय त्यात कपड्याची हौस आहेच. पण मला वाटतं, हळदीच्या दिवशीची ती माणसंही तो परत मागतोय.

तू बघितलेल्या सिनेमात नेमकं हेच पहिल्या काही मिनिटांत घडतं. बेल्जियन दिग्दर्शक आलाँ बेर्लिनर यांचा हा 1997 चा सिनेमा, पुढच्या वर्षी त्याला परभाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा गोल्डन ग्लोब मिळाला. नव्या वसाहतीत राहायला आलेलं कुटुंब शेजाऱ्यांना बागेत जेवायला बोलावतं. बाप एकेका पोराची ओळख करून देत असतो आणि त्यांचा मुलगा लुदोविक गुलाबी झगा, लिपस्टिक, कानातले अशा थाटात बाहेर येतो. शेजारी समजतात, हीच यांची लेक, आणि टाळ्या वाजवतात. मग खरी लेक पुढं येते. बाप पटकन हसून वेळ मारून नेतो, आमचा हा पोरगा मोठा मस्करीखोर आहे म्हणून. तिथं आपणही हसतो. पण पोरगं मस्करी करत नव्हतं, ते स्वतःच्या आवडीनं नटून आलं होतं.

मग वसाहतीचं हसू आटतं. शाळेतले पालक सह्या गोळा करून त्याला काढायला लावतात, बापाची नोकरी जाते, गॅरेजच्या दारावर कुणीतरी घाणेरडं लिहून जातं. आधी पोराची बाजू घेणारी आईच पुढं त्याचे केस बारीक कापते. मला त्या आईचा राग येत नाही. चहूबाजूंनी कोंडी झालेलं माणूस जे हाताशी सापडेल त्याच्यावर निघतं, आणि घरात सगळ्यात हाताशी असतं ते लेकरू. तुझ्या नवऱ्यानं कुलूप घातलं तेही असंच. त्याला लेक नकोसा झालेला नाही. गाव उद्या काय म्हणेल, याची त्याला भीती आहे.

आता तुझा प्रश्न. लेकाला हा सिनेमा आत्ता दाखवू नकोस. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र दिलं होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघायचा. त्यात फारशी मारधाड नाही की काही वंगाळ नाही, ते प्रमाणपत्र मला कधी पटलं नाही. पण शेवटाकडं एका वाढदिवसाला आई त्याला मारते. तुझा लेक तो प्रसंग बघताना तुझ्याकडंच वळून बघेल. पुढं आईबाप त्याला जवळ घेतात, हे खरं, पण लहान पोराच्या लक्षात मार राहतो.

नवऱ्याला मात्र दाखव. पोरं झोपल्यावर, दोघंच बसा. सुरुवातीचा तो प्रसंग संपला की थांबव आणि एवढंच विचार, ‘आपल्या हळदीला आपण काय केलं?’ आपण म्हण, तुम्ही म्हणू नकोस. तेव्हा तू हसलीस की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस. हसली असशील तर तेही त्याला सांग.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. बालगंधर्व तुमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, त्यांच्यासारखं लुगडं नेसायला बायका धडपडायच्या, हे सांगायचा मोह होईल. ते म्हणतील, ती कला होती, आणि बोलणं तिथंच खुंटेल. त्यापेक्षा घरातले जुने फोटो काढ. माझ्या माहेरी थोरल्या दादाचा दोन वर्षांचा असतानाचा फोटो अजून भिंतीवर आहे. जावळ काढायच्या आधीचा. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक, दोन शेंड्या, त्यांना रिबिनी, गालावर काजळाची तीट. आजीनं हौसेनं स्टुडिओत नेऊन काढला होता. असे फोटो किती घरांत असतील! मूल जगावं म्हणून मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणायचे, तेही आपल्याकडंच. दादाचा फ्रॉक घरच्यांनी घातला म्हणून कौतुकाचा झाला, तुझ्या लेकानं घागरा स्वतः मागितला म्हणून तो लाजेचा. तुमच्या घरात असा फोटो सापडला तर सासऱ्यांपुढं तो नुसता ठेव. आणि पुतणी उद्या शर्टपँट घालून मोटारसायकलवर बसली तर हेच आजोबा तिला वाघीण म्हणतील, हे त्यांच्या मनात त्यांचं त्यांना येऊ दे.

डॉक्टरांबद्दल मी ठाम आहे. ‘सरळ करतो’ म्हणणाऱ्या कुणाच्याही दारात लेकराला नेऊ नकोस. असले ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. दिरांना हे सांग, आवाज न चढवता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही लिहिलंय की मुलाला मुलींचे कपडे किंवा खेळ आवडतात, एवढ्यावरून कसलंही निदान करायचं नाही.

‘मग हा पुढं कोण होईल?’ हा प्रश्न तू लिहिला नाहीस, पण तो ओळींमधून डोकावतो. मला माहीत नाही, तुलाही नाही, त्यालाही नाही. लुदोविकनं स्वतःपुरतं उत्तर काढलं होतं, मुलगी व्हायला दोन ‘एक्स’ गुणसूत्रं लागतात, देवानं वरून टाकलेला त्याचा दुसरा ‘एक्स’ चुकून कचऱ्याच्या डब्यात पडला! तुझा लेक दोन वर्षांनी घागरा विसरून क्रिकेटची बॅट मागेल, किंवा विसरणार नाही. दोन्हीत तो तुझाच. तो उदास राहायला लागला, स्वतःच्या अंगाचा राग करायला लागला, मी मुलगीच आहे असं कळकळीनं पुन्हापुन्हा सांगायला लागला, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेट, त्याचं ऐकून घेण्यासाठी. तोवर डॉक्टरची गरज नाही.

तुझं काही चुकलं का? तुझ्या लाडानं त्याला घागरा आवडायला लागला, असं नसतं ग. हे ओझं तू उतरवून ठेव.

या आठवड्यात तीन कामं मात्र कर. एक, कुलूप काढ. पुतणीचे कपडे पुतणीचेच राहू देत, तिच्या वस्तू रोज ओढून नेणं तिच्यावरही अन्यायच आहे, पण कुलपानं त्याला कळतंय की आपल्यात काहीतरी कोंडून ठेवण्यासारखं आहे. दोन, हळदीचा तो व्हिडिओ ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांना पुसायला सांग. नणंदेला आधी फोन कर, ती तुझ्या बाजूनं उभी राहील अशी आशा आहे. गावातल्या ग्रुपवर तो फिरला तर लेकाला शाळेत ऐकावं लागेल. शाळेत कुणी त्यावरून त्याला उभं केलं, हिणवलं, तर हेडमास्तरांना लेखी दे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला मारणंच नाही, मानसिक त्रास देणंही बंद आहे.

तिसरं काम लेकाशी बोलण्याचं. रात्री अंथरुणावर, दिवा मालवल्यावर. त्याला सांग की हळदीला काही माणसं आनंदानं हसली आणि काही त्याला हसली, आणि जी त्याला हसली ती चुकली. घरात त्याला हवं ते घालू दे. बाहेर घालायचं झालं तर लोक काय बोलू शकतील ते खरं खरं सांग आणि त्यालाच विचार, आज घालायचं का. सात वर्षांच्या पोराला आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कळतं.

आणि त्याला स्वतःचा घागरा हवा असेल तर शिंप्याकडं त्यालाच घेऊन जा. माप त्याचं दे. कापड कोणतं, रंग कोणता, ते त्याला निवडू दे.

तुझी,
ताई