तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : शहरातली बाग आणि गावातली चूल

प्रश्न : विकसनशील देशांतली शहरं बागा, लॉन, ग्रीन कॉरिडॉर (रस्त्याकडेचे झाडांचे पट्टे) यावर एवढा खर्च करतात आणि त्याच देशात गावाकडच्या घरात दोन वेळचं भागत नाही, मग ही चैनच नाही का? माझी मुलगी म्हणते झाडं हवीतच, मी म्हणतो आधी गाव. रोज जेवताना वाद. तुम्हीच सांगा कोण बरोबर. (एक निवृत्त वाचक)

उत्तर : बाप-लेकीच्या भांडणात पडू नये म्हणतात, तरी पडतो. काका, तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय की पैसा एकाच डब्यातला आहे, बागेला दिला की गावाचा गेला. बहुतेक देशांत तसं नसतं, बाग मुख्यतः शहराच्या बजेटमधून होते आणि गावाच्या योजना वरच्या सरकारकडून येतात, त्यामुळे उद्या एक बाग रद्द केलीत तर ते पैसे फार तर एखाद्या उड्डाणपुलात जातील, गावातल्या चुलीपर्यंत काही पोचायचे नाहीत.

पण तुमचा राग उगाच नाही. २०२४ च्या जागतिक बहुआयामी गरिबी निर्देशांकात ११२ देशांचा हिशोब आहे, त्यात ११० कोटी लोक गरीब निघाले आणि त्यातले जवळपास ८४ टक्के खेड्यांत राहतात. हा निर्देशांक नुसता खिसा तपासत नाही, घरात स्वयंपाक कशावर होतो, पाणी किती लांबून आणावं लागतं, पोरं शाळेत जातात का, असली १० मापं लावतो. आता शहरात कितीही गुलमोहर लावा, यातलं एकही माप त्यानं हलणार नाही, हे मुलीला खुशाल सांगा.

मग संबंध काहीच नाही का? आहे की, पण तो पैशापेक्षा पाणी, माती आणि माणूस यांच्यातून जातो. लॉनला लागणारं पाणी कुठल्या तरी वरच्या खोऱ्यातून येतं, लॉनखाली पसरलेली सुपीक माती कुणाच्या तरी शेतातून ट्रकनं आलेली असते, आणि गवत खुरपणारी बाई बरेचदा गावाहून आलेली असते. बाग गरिबाच्या विरोधात आहे का हे बघायचं तर या तिघांना काय मिळालं ते विचारा, शोभेची कारंजी राहू द्या बाजूला. (लॉनवर माझा तसाही राग आहे, पाणी पिणार सगळ्यात जास्त आणि सावली शून्य.)

इक्वेडोरच्या राजधानीनं, कितोनं, २००० साली पाण्यासाठी एक फंड काढला, आता शहराच्या पाणी कंपनीच्या कमाईतले २ टक्के त्यात जातात आणि त्यातून वर डोंगरावरची पाणलोटं राखली जातात, राखणदारही तिथल्याच गावांतले, पगारावर. म्हणजे शहर पाणी पितं आणि गावाला त्याचे पैसे देतं. साधी गोष्ट आहे, तरी किती शहरं करतात?

मला सगळ्यात आवडतं ते केनियाच्या वांगारी मथाई यांचं उदाहरण. गावाकडच्या बायका सांगत होत्या की सरपण मिळत नाही, झरे आटले, पोरांना धड खायला नाही, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट मूव्हमेंट सुरू केली, बायकांनाच रोपं करायला शिकवलं आणि जगलेल्या रोपामागे थोडे पैसे दिले. लावलेल्या नाही हं, जगलेल्या, हा एक शब्द बदलला की अख्खी योजना फोटोपुरती उरते. आणि याच बाई १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात ६० मजली टॉवर उठणार म्हटल्यावर थेट सरकारशी भिडल्या, टिंगल झाली, शिव्या खाल्ल्या, पण शेवटी टॉवर बारगळला. २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. गाव की बाग असा तुमच्यासारखा पेच त्यांना पडलेला काही दिसत नाही.

मुलीलाही एक विचारा. कोलंबियातल्या मेदेयीननं २०१६ पासून ३० ग्रीन कॉरिडॉर केले, गरीब वस्त्यांतल्या ७५ जणांना माळीकाम शिकवून कामावर घेतलं, तिथल्या वस्त्यांत यादवीमुळे गाव सोडून आलेली पुष्कळ कुटुंबं राहतात, हे सगळं छानच. पण बाग झाली की शेजारचं भाडं चढतं आणि गावाहून आलेला माणूसच आणखी लांब फेकला जातो, मग त्याचे घरी पाठवायचे पैसे भाड्यात आणि बसमध्ये जातात. शिवाय कित्येक बागांना तिकीट असतं आणि नेमकं भर दुपारी, मजुराला सावली हवी तेव्हा, गेटला कुलूप. हे तिला पटलं तर तुमचा वाद निम्मा मिटला म्हणायचा.

प्रश्न : मी याच विषयावर कॉलेजचा प्रोजेक्ट करतेय. सॅटेलाइटवरून शहरातली हिरवाई आणि सर्व्हेमधून गावची गरिबी घेऊन दोन्हीचा संबंध काढला तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण जपून ताई. सॅटेलाइटच्या एनडीव्हीआयला, म्हणजे हिरवाई मोजणाऱ्या आकड्याला, गोल्फ कोर्सही हिरवं दिसतं आणि सार्वजनिक बागही हिरवीच, आत कोणाला सोडतात ते त्याला कसं कळणार. डीएचएस (अनेक विकसनशील देशांत घरोघरी केलेली आरोग्य आणि लोकसंख्येची पाहणी) सर्व्हेचा डेटा घेणार असशील तर आणखी एक, कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून त्यातले जीपीएस पॉइंट मुद्दाम सरकवलेले असतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, गावात ५ पर्यंत, आणि थोडे पॉइंट तर १० पर्यंतसुद्धा, त्यामुळे 'या घरापासून बाग ३०० मीटरवर' असलं काही त्यातून काढू नकोस, परीक्षक पहिल्यांदा तिथेच पकडतील. आणि श्रीमंत देशात बागाही जास्त, गावची गरिबीही कमी, म्हणजे बागेमुळे गरिबी गेली असं होत नाही. त्यापेक्षा पंचवीस-तीस माळी आणि बागकामगारांना भेट, गावी महिन्याला किती पाठवता, काम वर्षातले किती महिने असतं, पगार कंत्राटदार देतो की पालिका, एवढं विचारलंस तरी डेटा तुझा स्वतःचा होईल.