'करसवलतींचा आकडा' म्हणजे नेमकं काय मोजलं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या राज्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'टॅक्स एक्झेम्प्शनचा डेटा हा राज्याच्या वर्किंग-एज पॉप्युलेशनचा इंडिकेटर आहे' या वाक्यासाठी 'करसवलतींची आकडेवारी हा कार्यक्षम लोकसंख्येचा निर्देशांक आहे' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. सगळ्यात जास्त घोटाळा 'करसवलत' या शब्दाने होईल. तो वाचला की मराठी वाचकाला पैसे आठवतात: ८०सी, गृहकर्जाचं व्याज, उद्योगांना दिलेली सूट. 'टेक्सासमध्ये करसवलती वाढल्या' याचा अर्थ तो 'तिथल्या सरकारने कर कमी केला' असाच घेईल. मूळ वाक्यात मात्र माणसं मोजलेली आहेत.

अमेरिकेच्या आयकर विवरणपत्रात करदाता, त्याची जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्यामागे माणशी एक ठरावीक रक्कम उत्पन्नातून वगळली जात असे. २०१७ साली ती ४,०५० डॉलर होती. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर विवरणपत्र एक, एक्झेम्प्शन चार, वगळलेली रक्कम १६,२०० डॉलर. म्हणून तिथले अभ्यासक विवरणपत्रांची संख्या म्हणजे साधारण कुटुंबं आणि एक्झेम्प्शनची संख्या म्हणजे साधारण माणसं असं धरत. लागोपाठच्या दोन वर्षांचे पत्ते जुळवून आयआरएस (तिथलं आयकर खातं) कोणत्या राज्यातून कुठे किती जण गेले ते काढतं. ६५ वर्षांखालच्या लोकांच्या देशांतर्गत स्थलांतराच्या अंदाजासाठी सेन्सस ब्युरो (तिथलं जनगणना खातं) हीच विवरणपत्रं वापरतो. त्यावरच्या वयासाठी मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, नोंदणी. लेखात 'वर्किंग-एज' आलं असावं ते या ६५ च्या सीमेमुळे.

माझ्या मते पहिल्या उल्लेखात 'आयकर विवरणपत्रांत ज्यांच्यामागे सूट घेतली त्या व्यक्तींची संख्या' असं फोडून लिहावं आणि पुढे 'विवरणपत्रांतील व्यक्ती' म्हणावं. आयआरएसलाही हेच करावं लागलं. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून ही सूट शून्य झाली. तेव्हापासून त्यांच्या स्थलांतराच्या तक्त्यांतला तो रकाना 'व्यक्तींची संख्या' या नावाने येतो. 'वजावट' हा शब्द इथे नकोच. तो आपल्याकडे डिडक्शनसाठी पक्का रुळला आहे.

जुनी आकडेवारी हाताळत असाल तर एक गोष्ट सांभाळा. १९८७ पूर्वी ६५ वर्षांवरच्या आणि अंध करदात्यांना जादा एक्झेम्प्शन मिळत असे, त्यामुळे एकच माणूस दोनदा मोजला जाई. पुढे १९८७ च्या विवरणपत्रांपासून पाच वर्षांवरच्या अवलंबितांचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) देणं सक्तीचं झालं आणि सुमारे ७० लाख अवलंबित कागदावरून नाहीसे झाले. तिथे 'लोकसंख्या घटली' असं भाषांतर झालं तर ते धडधडीत चुकेल.

आता 'कार्यक्षम'. हा शब्द एफिशियंटसाठी इतका वापरला जातो की 'कार्यक्षम लोकसंख्या' म्हटल्यावर उरलेले लोक अकार्यक्षम वाटू लागतात. 'कमावत्या वयाची लोकसंख्या' सरळ आहे. 'कमावती लोकसंख्या' मात्र नको, कारण त्या वयातले सगळे कमावत नसतात. शिवाय या संख्येत लहान मुलंही मोजलेली असतात. त्यांना वजा केल्याशिवाय कमावत्या वयाचा आकडा हाती येत नाही. कॉलेजसाठी परराज्यात राहणारा विद्यार्थी आईवडिलांच्या विवरणपत्रात असेल तर तो त्यांच्याच पत्त्यावर मोजला जातो. उत्पन्न कमी म्हणून विवरणपत्रच न भरणारे सुटतात. पुण्याहून थेट न्यू जर्सीला गेलेल्याचं आदल्या वर्षीचं विवरणपत्र तिथे नसतं, त्यामुळे राज्याराज्यांतल्या ये-जा करणाऱ्यांत तो त्या वर्षी येत नाही.

'निर्देशांक' म्हणजे इंडेक्स, जसा सेन्सेक्स किंवा ग्राहक किंमत निर्देशांक: आधारवर्ष धरून काढलेला आकडा. इथे 'निर्देशक' हवा, किंवा साधं 'यावरून अंदाज येतो'.

वाक्य असं होईल: 'आयकर विवरणपत्रांत ज्यांच्यामागे सूट घेतली त्या व्यक्तींच्या संख्येवरून राज्यातील कमावत्या वयाच्या लोकसंख्येचा अंदाज येतो.' याच लेखात पुढे 'रिटर्न' आला तर 'परतावा' लिहू नका. परतावा म्हणजे रिफंड, आणि 'परताव्यांची संख्या वाढली' असं छापलं गेलं तर कुटुंबांचा आकडा पुन्हा पैशांचा होऊन बसेल.