मोटरला ऑटो, जहाजाला ऑटोपायलट : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पोरगा जहाजावर कॅडेट आहे. जहाज ऑटोपायलटवर चालते म्हणतो, मग त्याला रात्री जागे ठेवतात कशाला? – एक आई, आर्णी तालुका

ताई, तुमच्या विहिरीवरच्या मोटरला ऑटो असेलच. रात्री लाइन आली की तो मोटर चालू करतो. विहिरीत पाणी आहे की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मोटर कोरडी फिरते आणि सकाळी वायंडिंग जळालेले सापडते. ऑटोपायलटही तसाच. दिलेली दिशा धरतो, समोरची मासेमारीची होडी त्याला दिसत नाही. म्हणून रडार असले तरी डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवावाच, असे टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो.

पहारेकऱ्याला डुलकी लागली तर? जहाज चालवायच्या खोलीत, म्हणजे ब्रिजवर, त्याचीही घंटा असते. 3 ते 12 मिनिटांत ठरवलेल्या वेळेला दिवा लुकलुकतो. बटण दाबले नाही तर 15 सेकंदांनी ब्रिजवर भोंगा वाजतो, आणखी 15 सेकंदांनी कॅप्टनच्या किंवा राखीव अधिकाऱ्याच्या खोलीत. मात्र झोपच पुरी नसेल तर माणूस अर्धवट झोपेतही बटण दाबतो. 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हवी. तिचे फार तर दोन तुकडे, त्यातला एक सलग 6 तासांचा. सात दिवसांत मिळून 77 तास. पुढच्या फोनवर ‘जेवलास का’च्या आधी हे विचारा : वहीत लिहिलेली झोप आणि खरी झोप जुळते का?

प्रश्न : जीपीएस असताना रडारवरून जहाजाची जागा काढायला का लावतात? – डेक कॅडेट, गाव वरोरा तालुक्यात

जीपीएस बंद पडला तर कुणालाही कळते. धोका आहे तो चुकीची जागा बिनबोभाट दाखवत राहण्याचा. 10 जून 1995 ला ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जाताना नॅन्टकेटजवळ वाळूत रुतले. अँटेनाची केबल निघाली होती. जीपीएसने शेवटच्या जागेपासून दिशा आणि वेग धरून नुसता अंदाज सांगायला सुरुवात केली. त्याची खूण काय, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरे. ऑटोपायलटने तोच अंदाज खरा मानला. 34 तासांत जहाज मार्गापासून 17 मैल बाजूला सरकले. शेजारचा लोरान (किनाऱ्यावरच्या रेडिओ लहरींवरून जागा काढणारे यंत्र) बरोबर जागा दाखवत होता, पण ताडून कुणी पाहिले नाही. एका अधिकाऱ्याला ठरलेला बोया (खुणेचा तरंगता पिंप) दिसला नव्हता, तरी त्याने कॅप्टनला ‘दिसला’ म्हणून सांगितले. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखे हेच.

तुम्ही काय करायचे : किनारा रडारवर असेल तर भूशिराचे किंवा दीपगृहाचे अंतर आणि बेअरिंग (कोणत्या दिशेला आहे ते) घ्या. बोया धरू नका, तो जागचा हलू शकतो. इको साउंडरने (आवाजावरून पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राने) दाखवलेली खोली भरती-ओहोटी धरून नकाशाशी जुळवा. जायरो (विजेवर चालणारे होकायंत्र) चुंबकी होकायंत्राशी ताडत राहा. दिशा चुकल्याचा अलार्म बहुधा त्याच जायरोवर चालतो. जायरो हळूहळू सरकला तर जहाजही त्याच्याबरोबर वळते, अलार्म गप्प.

प्रश्न : ईसीडीआयएसचे (संगणकावरच्या सागरी नकाशाचे) अलार्म सारखे वाजतात, सिनियर आवाज बंद करतात. चालते का? – थर्ड ऑफिसर, अचलपूर

नाही. 2013 मध्ये ‘ओव्हिट’ हा टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकवर चढला. आखलेला मार्गच उथळावरून जात होता, आणि अलार्मचा आवाज बंद होता.

अलार्म फार होतात ते बहुतेक वेळा सेफ्टी कंटूर, म्हणजे ज्याहून उथळ पाण्यात जायचे नाही ती खोलीची रेषा, नीट न भरल्याने. समजा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडाले आहे ते) 11.2 मीटर, वेगामुळे जहाज आणखी खाली बसते ते 0.8, तळाखाली पाणी हवे 1.5, झाले 13.5. नकाशात 10, 15, 20 च्याच रेषा असतील तर यंत्र स्वतःहून 15 ची धरते. सेफ्टी डेप्थ (सुरक्षित खोलीचा आकडा) 13.5 ठेवा, म्हणजे दोन रेषांमधले उथळ आकडे ठळक दिसतील. मग मार्ग तपासणी चालवा आणि प्रत्येक इशारा वाचून काढा. यादी लांब आहे म्हणून सरसकट ‘ओके’ दाबणे म्हणजे धुऱ्यावर उभे राहून फवारणी झाली म्हणणे.

प्रश्न : माणसाविना जहाजे येणार, मग या लाइनमध्ये जावे का? – बारावी, आरमोरी

नॉर्वेचे ‘यारा बर्कलँड’ 2022 पासून मालवाहतूक करते, पण किनाऱ्यालगतच्या छोट्या फेऱ्या, आणि सुरुवात माणसे घेऊनच झाली. तुमच्यापुरता त्याहून निकडीचा प्रश्न डोळ्यांचा आहे : फी भरण्याआधी रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या.