वाचक विचारतात : अजिनोमोटोनं खरंच काही होतं का?

गेल्या अंकात चव वाढवणाऱ्या पदार्थांबद्दल लिहिताना अजिनोमोटोबद्दल, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट ऊर्फ एमएसजीबद्दल, मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : 'यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही.' त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या अख्ख्या सदरावर कधी आली नव्हती. निम्मी रागावलेली, बाकीची काळजीतली. म्हणून हा अंक त्यांनाच. माझी नोकरी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे रसायनाबद्दल ठामपणे बोलेन. तुमच्या प्रकृतीचा निवाडा मात्र तुमच्या डॉक्टरांकडे.

ताई, बाहेर जेवून आले की अर्ध्या तासात मान जड होते, चेहरा गरम होतो, डोकं ठणकायला लागतं. मैत्रिणी म्हणतात, अजिनोमोटो. तुम्ही म्हणता काही होत नाही. मग मला होतं ते काय खोटं?
— एक शिक्षिका

खोटं मुळीच नाही. डोकं ठणकतं तेव्हा ते ठणकतंच. वाद आहे तो कारणाचा, आणि तो कसा सुरू झाला हे ऐकण्यासारखं आहे.

एप्रिल १९६८. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मान क्वोक नावाच्या डॉक्टरांचं पत्र छापून आलं. पत्र हं, संशोधन नव्हे. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवलो की पहिला पदार्थ खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मानेच्या मागे बधिरपणा येतो, तो हात आणि पाठीपर्यंत उतरतो, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडतं, असं त्यांनी लिहिलं. त्यांनी संशय घेतला तो एकट्या एमएसजीवर नव्हे. सोया सॉस, स्वयंपाकात घातलेली वाइन, भरमसाट मीठ, असे बाकीचेही संशयित त्यांनी मांडले होते आणि कुणीतरी हे तपासावं अशी विनंती केली होती. पत्राला मथळा मिळाला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम'. पुढच्या काही महिन्यांत बाकीचे संशयित सुटले, एमएसजी तेवढं अडकलं. गंमत म्हणजे त्या काळात हाच पदार्थ अमेरिकेतल्या डबाबंद सुपांत आणि पाकीटबंद खाण्यातही सर्रास पडत होता. त्या डब्यांच्या नावानं कुठला आजार निघाला नाही. परक्यांच्या स्वयंपाकावर संशय घेणं सोपं असतं, एवढंच मी म्हणेन.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. २००० साली अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात 'आम्हाला एमएसजी बाधतं' असं स्वतःहून सांगणारे १३० जण घेतले, म्हणजे सगळे तुमच्यासारखेच. एके दिवशी त्यांना रिकाम्या पोटी ५ ग्रॅम एमएसजी दिलं, दुसऱ्या वेळी तसंच दिसणारं पण एमएसजी नसलेलं काहीतरी. कधी काय दिलं हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पहिल्या फेरीत ५० जणांना फक्त एमएसजीनं त्रास झाला, १७ जणांना फक्त त्या नकली डोसानं, आणि १९ जणांना दोन्हींनी. म्हणजे फरक दिसला, तो मी लपवणार नाही. पण त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासलं तेव्हा गळती सुरू झाली. आधीच्या फेऱ्यांत ज्यांना त्रास झाला होता त्यांच्यातल्या निम्म्यांना पुढच्या फेरीत तसा त्रास झाला नाही. शेवटी जेवणाबरोबर दिलं तेव्हा दोघंच उरले, आणि त्यांचीही लक्षणं आधीच्या लक्षणांशी जुळेनात.

मला यातून कळतं ते असं : उपाशीपोटी, एका दमात, मोठा डोस घेतला तर काहींना थोडा वेळ अस्वस्थ वाटू शकतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनासाठी १९९५ साली झालेल्या आढाव्यातही साधारण हेच होतं, ३ ग्रॅम किंवा जास्त आणि तेही अन्नाशिवाय. एमएसजी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात ते सहसा अर्ध्या ग्रॅमच्या आत असतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एके काळी एमएसजीला स्वतंत्र जागा होती, २०१८च्या आवृत्तीतून ती काढून टाकली गेली.

मग तुमचं डोकं कशानं दुखतं? ते मला इथे बसून कसं कळणार! उशिरा जेवणं, खूप मीठ, कमी पाणी, मद्य, आंबवलेल्या सॉसमधलं हिस्टामाइन हे रसायन, नुसता गोंगाट आणि धूर, यांपैकी काहीही असू शकतं. शोधायचंच असेल तर महिनाभर वहीत लिहा : काय खाल्लं, किती वाजता, आदली झोप कशी होती. तरीही संशय फिटला नाही तर घरातल्या कुणाला तरी सांगा की टोमॅटोच्या सुपात कधी चिमूटभर घाल, कधी घालू नकोस, आणि मला अजिबात सांगू नकोस, फक्त तारखा लिहून ठेव. टोमॅटोचं अशासाठी की त्याला मुळातच ग्लुटामेटची चव असते, चटकन ओळखू येत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वासाला घरघर लागणं, यातलं काहीही होत असेल तर असे प्रयोग घरी करायचे नाहीत, डॉक्टरांकडे जायचं. शेंगदाणा, सोयाबीन, कोळंबी यांची खरीखुरी अॅलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. 'अजिनोमोटो बाधलं असेल' म्हणून ती अॅलर्जी नजरेआड होते, याची मला जास्त धास्ती वाटते.

मॅडम, एका व्हिडिओत सांगितलं की यानं मुलांच्या मेंदूच्या पेशी मरतात आणि ते सिद्ध झालेलं आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. झोप उडाली आहे.
— एक आई

व्हिडिओवाल्यानं अर्धं खरं सांगितलं, आणि अर्धं खरं निस्तरायला जास्त वेळ लागतो.

१९६९ साली जॉन ओल्नी या शास्त्रज्ञानं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना कातडीखाली एमएसजीची इंजेक्शनं दिली. पिल्लांच्या मेंदूत हायपोथॅलॅमस या भागाला इजा झाली, मोठी झाल्यावर ती लठ्ठ झाली. प्रयोग खरा, निष्कर्षही खरा. ओल्नी काही भंपक माणूस नव्हता. एमएसजीतलं मुख्य द्रव्य ग्लुटामेट, आणि त्याचा अतिरेक चेतापेशींना मारू शकतो हा त्याचा विचार पुढे पक्षाघाताच्या अभ्यासात फार उपयोगी पडला.

पण डोस बघा. वजनाच्या दर किलोला अर्धा ते चार ग्रॅम. तुमचं मूल १४ किलोचं धरलं तर ७ ते ५६ ग्रॅम, तेही तोंडावाटे नव्हे, सुईनं. तोंडानं घेतलेलं ग्लुटामेट आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच बहुतांश जाळून टाकतात. ते त्यांचं इंधन आहे. रक्तात थोडंच पोचतं, आणि रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर आणखी एक पहारा असतो. आणि अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक; आईच्या दुधात प्रथिनांत न अडकलेल्या, सुट्या अमिनो आम्लांपैकी सगळ्यात जास्त असतं ते ग्लुटामेटच. तुमच्या बाळानं ते आधीच भरपूर प्यायलेलं आहे.

ओल्नीच्या प्रयोगानंतर अमेरिकेतल्या बाळान्न बनवणाऱ्यांनी त्यात एमएसजी घालणं आपणहून बंद केलं. मला ते योग्य वाटतं. विषारी आहे म्हणून नव्हे. बाळाला त्याची गरज नव्हती, चव आवडायची ती चाखून बघणाऱ्या आईला. झोपा शांतपणे.

टोमॅटोतलं, चीजमधलं ग्लुटामेट नैसर्गिक असतं, पुडीतलं कृत्रिम. दोन्ही सारखं कसं म्हणता?
— एक वाचक

मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं.

आमच्याकडे नमुना आला की त्यातलं सुटं ग्लुटामेट पाण्यात उतरवून घ्यायचं, गाळायचं आणि क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या, यंत्रात सोडायचं. आलेखावर प्रत्येक अमिनो आम्लाचं शिखर आपापल्या ठरलेल्या मिनिटाला उगवतं. पिकलेल्या टोमॅटोचा रस सोडा की पुडीतले खडे विरघळवून सोडा, ग्लुटामेटचं शिखर त्याच मिनिटाला येतं. किती आहे ते कळतं, कुठून आलं ते कळत नाही. 'एमएसजी नाही' असं छापलेल्या एका पाकिटातल्या मसाल्याचा नमुना आमच्याकडे आला होता. ग्लुटामेटचं शिखर चांगलं उंच आलं. नमुना पाठवणारे गृहस्थ चिडून फोनवर म्हणाले, 'आम्ही चिमूटसुद्धा घातलेली नाही!' खरं बोलत होते. घातला होता यीस्टचा अर्क, आणि त्यात सुटं ग्लुटामेट खच्चून असतं. जलापघटित, म्हणजे तोडून बारीक केलेल्या, वनस्पती प्रथिनांचंही तेच. म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूचा मथळा वाचू नका, मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. ई ६२१ किंवा आयएनएस ६२१ म्हणजे एमएसजी. जवळच ६२७ आणि ६३१ दिसले तर ते त्याचे जोडीदार. ते थोडे असले तरी चव कितीतरी पट चढते.

आता जन्मकथा. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्याला चव कशानं येते याचा छडा लावला. सुमारे १२ किलो शेवाळ उकळून, आटवून हाती आलं जेमतेम ३० ग्रॅम ग्लुटामेट. दुसऱ्या वर्षी ते बाजारात आलं. पुढे बरीच वर्षं गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनावर आम्लाची प्रक्रिया करून ते काढत. १९५६ साली जपानमध्येच एक जिवाणू सापडला, कोरायनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम, जो साखर खाऊन ग्लुटामेट बाहेर टाकतो. आजचं उत्पादन त्याच वाटेनं होतं : उसाची मळी किंवा स्टार्च, त्यात जिवाणू, मोठाल्या टाक्यांतली आंबवण, मग शुद्धीकरण. दही-व्हिनेगर ज्या जातीची प्रक्रिया, त्याच जातीची. यात 'कृत्रिम' कुठे आहे ते मला दाखवा.

मुरलेल्या परमेझान चीजच्या १०० ग्रॅममध्ये सुटं ग्लुटामेट एक ग्रॅमच्या वर असतं. त्याला कुणी बोल लावल्याचं ऐकलं नाही.

रोज किती चालेल? आकडा सांगा.

आकडे दोन आहेत आणि ते एकमेकांशी पटत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीनं १९८७ साली ठरवलं की मर्यादा घालण्याची गरजच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१७ साली मर्यादा घातली : वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम. हा आकडा असा आला की प्राण्यांना दर किलोला ३,२०० मिलिग्रॅमपर्यंत काही झालं नाही, त्याला सावधगिरी म्हणून शंभरानं भागलं आणि ढोबळ ३० धरलं. मी युरोपच्या बाजूनं आहे, कारण खाद्य उद्योगाच्या डोक्यावर एखादी रेघ असलेली बरी. घरात मात्र तुम्हाला तराजू काढायची गरज नाही.

रक्तदाब आहे. मिठाऐवजी हे वापरू का?
— निवृत्त वाचक

काका, मिठात वजनाच्या ३९ टक्के सोडियम असतं, एमएसजीत १२. त्यामुळे मीठ कमी करून थोडं हे घातलं तर एकूण सोडियम घटतं आणि पदार्थ आळणीही लागत नाही. पण लोक मीठ आहे तेवढंच ठेवतात आणि वर हे घालतात! मग सोडियम वाढतंच. डॉक्टरांना विचारून करा.

खरं सांगा, कंपनीनं किती दिले?
— सही नसलेलं पोस्टकार्ड

काही नाही. पण प्रश्न गैर नाही. एमएसजीवरच्या बऱ्याच संशोधनाला ते बनवणाऱ्यांच्या संघटनांचा पैसा लागलेला आहे, आणि असं संशोधन मी दुप्पट डोळे उघडे ठेवून वाचते. वजनवाढीचं घ्या : चीनमधल्या एका पाहणीत जास्त एमएसजी खाणाऱ्यांत लठ्ठपणा जास्त दिसला, तिथल्याच दुसऱ्या पाहणीत तसं काही दिसलं नाही. हा मुद्दा मी मिटलेला मानत नाही. दम्याच्या बाबतीत एमएसजी टाळून फायदा होतो असा पुरावा २०१२च्या कोक्रेन आढाव्याला, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याला, मिळाला नाही, पण हाताशी असलेले अभ्यासही थोडे आणि लहान होते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तासन्तास उकळून येणारी चव एमएसजी अर्ध्या मिनिटात आणतं, त्यामुळे हलका माल, शिळा माल, नुसतं पीठ-तेल-मीठ, सगळं चविष्ट लागतं आणि हात थांबत नाही. दोष द्यायचाच तर त्या मालाला द्या. पण त्यावर पोस्टकार्ड कुणी लिहीत नाही.

कपाटात जुनी पुडी सापडली. खराब झाली असेल का? आणि घालायचं किती?

कोरडी असेल तर काही होत नाही. तळहातावर घेऊन बघा : खडे मिठासारखे चौकोनी नसतात, लांबट, सुईसारखे आणि चकचकीत असतात. तसे सुटे दिसले तर चांगली आहे. ओल लागून ढेकूळ झालं असेल तर टाकून द्या. एक लिटर सुपाला दोन ग्रॅम, म्हणजे छोटा अर्धा चमचा, पुरे. मीठ तेवढ्या मानानं कमी करा. दुप्पट घातलंत तर दुप्पट चव येणार नाही, जिभेवर साबणासारखी एक बुळबुळीत चव रेंगाळत राहील आणि सूप तुमचं तुम्हालाच ओतून द्यावं लागेल.