वरूडजवळच्या खेड्यात ६० लिटरची प्रवाळ टाकी स्किमर आणि कॅनिस्टर फिल्टरशिवाय चालेल का?

चालेल. स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र आणि कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर, ही दोन्ही नसली तरी चालतं. तुम्ही लिहिलंय की पाणी बोअरचं आहे, लाइन रोज जाते आणि खोलीत कूलर आहे. या तिन्ही गोष्टी फिल्टर नसण्यापेक्षा जास्त त्रास देतील, म्हणून जोर त्यांच्यावरच देतो.

आधी कायदा. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' (जिवाणू आणि जीव बसलेला प्रवाळी खडक) कुणी देऊ केला तर घेऊच नका. सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम खडक ५-६ किलो घ्या. त्यावर टाकीत वाढवलेली झोअँथिड, मशरूम अशी मऊ प्रवाळं ठेवा, तीही कागदपत्रं दाखवणाऱ्याकडूनच. मासे म्हणाल तर क्लाउनफिशची एक जोडी पुरे. त्यांची पैदास आता देशातच होते, समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही.

बोअरचं पाणी थेट वापरू नका. घरच्या आरओमधला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं कच्चं पाणी मिसळतो. तो पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) कार्ट्रिज जोडा. टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. मीठ समुद्री टाकीचंच, लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. रात्रभर पंप लावून विरघळवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, बघूनच ओता.

गाळणीचं काम खडकातले जिवाणू करतात. ते बसवायला बाटलीतले जिवाणू टाका आणि त्यांचं खाद्य म्हणून ०.४ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड द्या. एवढ्याने ६० लिटरमध्ये साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) अमोनिया होतो. एवढा डोस २४ तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. मधे काचेवर तपकिरी थर येईल. तो आपोआप ओसरतो, घाबरून औषध टाकू नका. पुढे दर आठवड्याला ६ लिटर पाणी बदला. तासाला १२०० ते १५०० लिटर फिरवणारा एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा पंप) पुरतो.

आता उन्हाळा. पाणी २५ ते २७ अंशांत हवं. ३० च्या वर गेलं की प्रवाळं आक्रसतात. आपल्याकडची कोरडी हवा इथे कामाला येते. झाकण काढून जाळी बसवा आणि १२ व्होल्टचे कॉम्प्युटरचे दोन पंखे पृष्ठभागावर तिरपे लावा. पाणी ३-४ अंशांनी उतरतं. खोलीत कूलर चालू असेल तर दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, म्हणून कूलरसमोरची खिडकी उघडी हवी. पाऊस सुरू होण्याआधीचे उकाड्याचे दिवस सगळ्यात वाईट. तेव्हा बूच घट्ट लावलेली एक लिटरची गोठवलेली बाटली सोडा, दीडेक अंश उतरतो. डिसेंबरच्या रात्रींसाठी मात्र १०० वॉटचा हीटर लागेल.

पंख्यांमुळे मे महिन्यात दिवसाला दोनेक लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. एका दिवसात क्षारांचं प्रमाण ३५ पीपीटीचं ३६ च्या वर जातं. काचेवर खूण करा आणि सकाळ-संध्याकाळ आरओचं साधं पाणी भरा. इथे मिठाचं पाणी ओतणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

समुद्री पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी मावतो, गरम झाल्यावर आणखी कमी. त्यामुळे लाइन गेली की धोका लवकर सुरू होतो. वेव्हमेकर डीसीचा घ्या म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल. बॅटरीवरचा एअर पंपही हाताशी ठेवा.

शेवटी, तुमच्याकडे संत्र्याची बाग आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजे तांबं. त्याचा अंशही प्रवाळांना आणि गोगलगायींना मारतो. कपाशीवरची फवारणी आणि डासांची कॉइल कोळंबीला तितकीच घातक. टाकीची बादली, मग, नळी वेगळ्या रंगाची ठेवा, ती शेतात जाऊ देऊ नका. फवारून आलेल्या दिवशी टाकीत हात घालू नका. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि त्याची वाफ घरातल्या माणसांना दवाखान्यात पोचवू शकते.