साशिकोचा पहिला तुकडा शिवताना

साशिको, म्हणजे धावदोऱ्याने नक्षी काढण्याची जपानी शिवणकला, शिकताना पहिल्याच कामासाठी तुम्ही तीस सेंटिमीटरचा लहान चौकोन निवडलात, हे उत्तम केलेत. ईशान्य जपानच्या तोहोकु भागात शेतकरी कुटुंबांतल्या बायका जीर्ण कापडाचे थर जोडून कपडे ऊबदार आणि टिकाऊ करत. त्यातूनच साशिको रुजली, आणि आपल्या गोधडीचा धावदोरा ज्याच्या हातात बसला आहे, त्याला ती परकी वाटत नाही.

निळीने रंगवलेले सुती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पांढऱ्या दोऱ्यावर रंग उतरतो. सुरुवातीला कापसाचा जाड थर घालू नका. वरचे कापड आणि पातळ अस्तर एवढ्यावरच नक्षी पूर्ण करा व मगच बाकीचे थर जोडा, कारण जाड थरातून टाके सारखे येत नाहीत.

लांब सुईवर कापडाच्या चुण्या गोळा करत एका वेळी अनेक टाके घ्या आणि दोरा ओढल्यावर बोटांनी कापड हलकेच सपाट करा. ही एक सवय लागली, तर आकसलेले काम उसवण्याची वेळ येत नाही. दर्शनी टाका तांदळाच्या दाण्यासारखा आणि मागच्यापेक्षा थोडा मोठा दिसावा.

'आसानोहा', म्हणजे भांगेच्या पानाच्या नक्षीत, अनेक रेषा एका बिंदूत मिळतात. तिथे दर्शनी बाजूला टाके एकमेकांवर चढवू नका, मध्ये बारीक मोकळी जागा राहू द्या. दिशा बदलताना मागे दोऱ्याचा किंचित सैल फास सोडा.